शाळेच्या दिवशीच पोट दुखतं: मुलाला समुपदेशकाकडे नेताना काय काय होतं

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा 9 वर्षांचा, चौथीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, कधी उलटी होते, रविवारी काही नसतं. बालरोगतज्ज्ञांनी रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं केलं, रिपोर्ट नॉर्मल. आता समुपदेशकाकडे जा म्हणतात. सासूबाईंच्या मते नजर लागली आहे, मिस्टरांच्या मते हा आळस आहे. पहिल्यांदा गेल्यावर नेमकं काय होतं? मुलाला काय सांगून न्यायचं? औषधं देतात का? शाळेत कळेल का? आणि हे किती दिवस चालतं?

ताई, मी गेली 21 वर्षं नाशिकमध्ये मुलांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर हे काम करते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक झाली की पहिली दोन सेशन्स ती निस्तरण्यातच जातात.

मुलांना वाटेत रिक्षात काय काय सांगितलेलं असतं, ते ऐका. 'एका मावशीकडे खेळायला चाललोय.' 'पिझ्झा खायला जाऊ, मध्ये पाच मिनिटं काम आहे.' 'दात दाखवायचेत.' आणि सगळ्यात वाईट म्हणजे, 'आता त्या मॅडमच तुला सरळ करतील.' दाताचं सांगून आणलेला एक मुलगा माझ्यासमोर पाऊण तास तोंड घट्ट मिटून बसला होता. मी आपली समजत होते, हा बोलायला तयार नाही. तोंड उघडलं की मी इंजेक्शन टोचणार, असं त्या बिचाऱ्याला वाटत होतं.

खरं सांगा, आणि आदल्या संध्याकाळी सांगा. आठवडाभर आधी सांगितलंत तर तो आठवडाभर धसका घेईल. साधारण असं: 'तुझं पोट रोज सकाळी दुखतं, आणि ते खरंच दुखतं हे मला माहीत आहे. डॉक्टरांनी तपासलं, आत आजार नाही. पण काळजी वाटली तरी पोट दुखतं. उद्या आपण ज्यांच्याकडे जाणार आहोत त्या मुलांशी याबद्दलच बोलतात, खेळतातसुद्धा. सुई नाही, परीक्षा नाही. मी बाहेरच बसलेली असेन.' एवढं पुरे. 'मी वेडा आहे का?' असं त्यानं विचारलं, तर हा शब्द त्यानं घरातच कुठेतरी ऐकला आहे हे ओळखा. आपल्याकडे चिडलं की माणसं सहज म्हणून जातात, 'याला येरवड्याला पाठवा', ठाण्याकडची माणसं 'ठाण्याला पाठवा' म्हणतात. मोठ्यांसाठी तो विनोद असतो. मुलं तो शब्दशः घेतात.

दुसरं म्हणजे 'नाटक करतोय' हे बोलणं आजपासून बंद. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, पचनाचं काम बाजूला पडतं आणि आतड्याला पीळ पडतो. तुम्हालाही कधी परीक्षेच्या सकाळी दोनदा संडासला जावं लागलं असेल, तसंच हे. मराठीत 'पोटात गोळा आला' म्हणतात ते उगाच नाही. नऊ वर्षांच्या मुलाला 'मला धास्ती वाटतेय' असं म्हणता येत नाही, पोटावर हात ठेवता येतो. एक खबरदारी मात्र घ्या. दुखण्यानं रात्री झोपमोड होत असेल, वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, सारखा ताप येत असेल किंवा बेंबीपासून लांब एकाच जागी दुखत असेल, तर माझ्यासारखीकडे येण्याआधी पुन्हा बालरोगतज्ज्ञ गाठा. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही.

आता जायचं कुणाकडे. तीन पाट्या वरून सारख्याच दिसतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषध तेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भारतीय पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. ते चाचण्या घेतात आणि उपचारही करतात. तिसरे आम्ही समुपदेशक. आमच्यात मानसशास्त्रात एमए करून पुढे वर्षानुवर्षं अनुभवी लोकांच्या हाताखाली शिकलेले आहेत, आणि शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. त्यामुळे पहिल्या फोनवरच विचारा: शिक्षण काय, लहान मुलांबरोबर किती वर्षं काम केलंय, गरज पडली तर कुठल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवता, एका सेशनची फी किती. विचारल्याचा राग आला तर दुसरा नंबर लावा. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारे, 'मिडब्रेन' म्हणजे मेंदूचा मधला भाग जागा करून देतो म्हणणारे, तीन सेशनमध्ये गॅरंटी देणारे, यांच्या वाटेला जाऊ नका. त्याला काहीही शास्त्रीय आधार नाही, आणि फी आमच्यापेक्षा जास्त असते.

पहिल्या भेटीला मी मुलाला बोलावतच नाही, फक्त आईवडील. काही जण सगळ्यांना एकत्र बोलावतात, तेही चालतं. मुलाच्या देखत त्याच्या तक्रारींचा पाढा वाचला जातो आणि तो खुर्चीत आणखी आणखी रुतत जातो, हे मला बघवत नाही, म्हणून मी तसं करते. तास-दीड तास धरून चला. प्रश्न इतके मागचे असतात की बरेच वडील घड्याळ बघायला लागतात. जन्मल्यावर लगेच रडला का, चालायला कधी लागला, पहिला शब्द कधी, झोप कशी, कुणाजवळ झोपतो, घरात कोण कोण आहे, गेल्या दोन वर्षांत कोण गेलं, कोण आजारी पडलं, घर बदललं का, शाळा बदलली का. तुमच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त वेळ 'दिवाळीनंतर' या शब्दावर थांबेन. त्या सुट्टीत काय झालं? कुणाचं ऑपरेशन, कुणाचं भांडण, गावाला काही घडलं? की सुट्टी संपल्यावर शाळेत वर्गशिक्षिका बदलल्या, बस बदलली, बाक बदलला? आज रात्री दोघांनी बसून आठवा आणि लिहून आणा. बरोबर डॉक्टरांची फाइल, प्रगतिपुस्तक आणि वह्या आणा. वह्यांमध्ये रफ वही हवीच. नीट वहीत बाई दिसतात, रफ वहीत मूल दिसतं.

तुम्ही दोघं शेजारी बसून एकाच मुलाचं दोन तऱ्हांनी वर्णन कराल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मला दोन्ही ऐकायची असतात.

मग मुलाची पाळी. तो आत येतो, दार लागतं, आणि बाहेर तुम्हाला सापशिडीच्या फाशाचा आवाज ऐकू येतो. इथे पालकांचा जीव वरखाली होतो: यासाठी पैसे भरतोय का आपण? माझ्या खोलीत बटणांनी भरलेला एक डबा आहे, पूर्वी आज्यांकडे शिवणाच्या सामानात असायचा तसा. एक मुलगी तीन सेशन्स नुसती बटणं रंगाप्रमाणे लावत बसली, एक शब्द बोलली नाही. चौथ्यांदा तिनं एक मोठं काळं बटण उचलून डब्याबाहेर टेबलाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाली, हे आमचे काका. पुढचं काम तिथून सुरू झालं. लहान मूल खुर्चीत बसून मनातलं सांगत नाही. चित्रात, मातीत, बाहुल्यांच्या भांडणात ते बाहेर येतं, आणि आमचं शिक्षण म्हणजे ते ओळखणं आणि घाई न करणं. सापशिडीत चीटिंग करणारं मूलही बरंच काही सांगतं. साप आला की एखादा सोंगटी हळूच पुढे सरकवतो, एखाद्याच्या डोळ्यात पाणी येतं, एखादा मला जिंकू देतो. मला जिंकू देणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

बाहेर आल्यावर 'काय विचारलं? तू काय सांगितलंस?' हे नको. भूक लागली आहे का एवढं विचारा.

तुमच्या प्रश्नाशी अगदी जवळची एक गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आठ वर्षांचा मुलगा, तुमच्यासारखंच सकाळचं पोट. आईवडिलांनी दीड तास शाळेबद्दल सांगितलं: बाई कडक, अभ्यास जास्त, मित्र चिडवतात. मी पण शाळेच्याच मागे लागले. तिसऱ्या वेळी त्याला आजी घेऊन आल्या. जाता जाता चप्पल घालताना त्या म्हणाल्या, 'रात्री दोनदा उठतो बघा हा. आईच्या नाकासमोर बोट धरून बघतो, मग झोपतो.' आईचं चार महिन्यांपूर्वी गर्भाशयाचं ऑपरेशन झालं होतं. मुलाला 'आई मामाकडे गेली आहे' असं सांगितलं होतं, आणि मग त्यानं तिला हॉस्पिटलच्या कपड्यांत पाहिलं. तेव्हापासून तो पहारा देत होता. शाळेत गेलं की पहारा सुटायचा, म्हणून पोट दुखायचं. उपाय करायला गेलं तर साधा होता. आईनं त्याला जवळ घेऊन ऑपरेशनबद्दल त्याला समजेल असं सगळं खरं सांगितलं, पोटावरचा व्रण दाखवला, आता मी बरी आहे म्हणाली. त्यानं व्रणावर बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, दुखतं का अजून? पुढचे दोन महिने सवयी बदलण्यात गेले, पण गाठ सुटली ती त्या दिवशी. तुमच्याकडे असंच असेल असं मी म्हणत नाही. पण शाळेत जायला नको म्हणणाऱ्या मुलांत घराची काळजी वाहणारी मुलं मला खूप भेटली आहेत. आणि सासूबाईंना एकदा तरी आणा. आज्या निदान चुकीचं करतील, पण बघतात फार नीट.

गुप्ततेबद्दल. मूल मला जे सांगतं ते सगळं मी आईवडिलांना सांगत नाही. विषय सांगते, वाक्यं सांगत नाही. हे मी ठेच खाऊन शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका बारा वर्षांच्या मुलीचं बोलणं मी तिच्या आईला सांगितलं, चांगल्या हेतूनं. आईनं त्याच रात्री भांडणात तेच वाक्य तिच्या तोंडावर मारलं. ती मुलगी पुन्हा आली नाही, आणि मला शंका आहे की पुढे ती कुठल्याच समुपदेशकाकडे गेली नसेल. आता मूल पहिल्यांदा येतं त्याच दिवशी मी त्याला आणि पालकांना एकत्र बसवून अपवाद सांगते: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी त्याच्याशी वाईट वागत असेल, तर मी गप्प बसणार नाही. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे, आणि तसं ते तुमच्यावरही आहे. 'घरातलं घरात मिटवू' ही सोय तिथे नाही. मुलांसाठीचा 1098 हा नंबर चोवीस तास चालू असतो, तो मुलालाही पाठ असू द्या.

शाळेला माझ्याकडून काही कळत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं ही माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे, तुमच्या परवानगीशिवाय मी मुख्याध्यापकांचा फोनही घेत नाही. तरीही वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या असं मी सुचवेन. कारण तो शाळेत परतणार तो पायरी पायरीनं, आणि त्या पायऱ्या शाळेतच असतात. पहिले दोन-तीन दिवस फक्त परिपाठापर्यंत. मग छोट्या सुट्टीपर्यंत. मग डबा खाऊन घरी. मग पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीवर पोट थोडं दुखेल, आणि ते दुखत असतानाच तो तिथे थांबेल. थांबलं तरी काही होत नाही, हे त्याच्या शरीराला कळण्याचा दुसरा रस्ता नाही. घरी ठेवून 'बरा झाला की पाठवू' असं ठरवलंत तर प्रत्येक आठवड्यागणिक परतणं अवघड होत जातं. ज्या दिवशी घरी राहिला त्या दिवशी शाळेच्या वेळात टीव्ही नाही, मोबाइल नाही, बाहेरचं खाणं नाही. शिक्षा म्हणून हे करायचं नाही, पण घर शाळेपेक्षा मजेचं वाटायला नको.

आणि सोडायला तुमच्याऐवजी मिस्टरांना जाऊ द्या. आईला चिकटलेलं मूल वडिलांबरोबर दारातून सहज आत जातं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. 'मला या बोलण्याबिलण्यात इंटरेस्ट नाही' म्हणणाऱ्या वडिलांना मी हेच एक काम देते: तुम्ही काही बोलू नका, फक्त सोमवार ते शुक्रवार सोडा. मोटरसायकलवर मागे बसून मुलं जे बोलतात ते माझ्या खोलीत बोलत नाहीत. पंधरा दिवसांनी हेच वडील स्वतःहून फोन करतात.

म्हणूनच सांगते, अर्धी सेशन्स तुमची असतील. आई नाही म्हणते आणि आजी हळूच मोबाइल देते. वडील महिन्यातून एकदा ओरडतात आणि मग आठवडाभर अपराधी वाटून लाड करतात. घरात दोघं आठ दिवस बोलत नाहीत आणि मुलगा निरोप्या होतो. हे असं आम्ही विचारणार, आणि तुम्हाला ते टोचणार. एका वडिलांनी मला सरळ विचारलं होतं, 'पेशंट तो आहे की मी?' मी म्हटलं, पेशंट कुणीच नाही, पण रोज रात्री नऊ वाजता तुमच्या घरात काय होतं ते मला कळल्याशिवाय मी काही करू शकत नाही. ते उठून गेले. दोन महिन्यांनी परत आले.

किती दिवस? तुम्ही सांगितलंय तशा तक्रारीत, घरचे साथ देणारे असतील तर माझ्याकडे साधारण आठ ते बारा भेटी होतात. आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रकरण आधीपेक्षा बिघडल्यासारखं वाटेल, कारण जे पोट दुखल्यावर चालून जायचं ते आता चालत नाही, मग ते आणखी जोरात दुखतं. नेमकं तेव्हाच बहुतेक लोक सोडून देतात, नाहीतर समुपदेशक बदलतात. तेवढा आठवडा काढा. सहा भेटींनंतरही काडीचा फरक नसेल तर मात्र तोंडावर विचारा की आपण काय करतोय आणि का. तुम्हाला कधीच आत न बोलावणारे, किंवा प्रत्येक मुलाला 'मोबाइल कमी करा' एवढाच सल्ला देणारे समुपदेशक असतील तर खुशाल बदला.

औषधं मी देत नाही, मला देता येत नाहीत. मूल शाळेत अजिबातच जाईनासं झालं, झोप-जेवण सुटलं, सारखं हात धुणं किंवा मरणाचं बोलणं सुरू झालं, तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते आणि दोन्ही उपचार बरोबर चालतात. मरणाचं बोलणं निघालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

रफ वही मागते त्याला आणखी एक कारण आहे. चौथीत वाचन आणि गणित एकदम अंगावर येतं, आणि अध्ययन अक्षमता असलेली, म्हणजे हुशार असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणारी मुलं इथवर पाठांतरावर निभावून नेतात. अक्षरं उलटसुलट, फळ्यावरचं उतरवायला उशीर, तोंडी सगळं येतं पण लिहिता येत नाही, असं दिसलं तर चाचणी करायला सांगतात. त्यात बुद्ध्यांकाचीही चाचणी असते. बिने-कामत हे नाव कदाचित कानावर येईल. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवलेली ही चाचणी 1930 च्या दशकातली. आकड्याला घाबरू नका. तो हुशारीचा दाखला नसतो, कुठे अडतंय ते त्यातून कळतं. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला महाराष्ट्रानं 1996 मध्ये सुरुवात केली, देशात सगळ्यात आधी. जादा वेळ, लेखनिक वगैरे मिळतं, पण त्यासाठीचं प्रमाणपत्र सरकारमान्य रुग्णालयाचंच लागतं, माझं चालत नाही.

फी झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, केसपेपर काढून दाखवता येतं. गर्दी असते, वेळ कमी मिळतो, पण पैशांपायी थांबून राहण्यापेक्षा ते बरं. घरबसल्या बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 14416. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. मिस्टर तयार होईपर्यंत तुम्ही स्वतः तिथे फोन केलात तरी चालेल.

राहता राहिली नजर. सासूबाईंना मीठ-मोहऱ्या ओवाळू द्या. त्या निमित्तानं संध्याकाळी आजी त्याला समोर बसवते, अंगावरून हात फिरवते, त्याच्यासाठी काहीतरी पुटपुटते; यात माझ्या कामाला अडचण येईल असं काही नाही. फक्त नजर सकाळी शाळेच्या वेळेला काढायची नाही, आणि काढल्यावर 'आज राहू दे घरी' म्हणायचं नाही, एवढं त्यांच्याशी आधी ठरवून घ्या.